कॅप्टन हमीदभाई, मुक्काम केडगाव

हमीदभाईंना डावं-उजवं चालत नाही. कळत नाही असं नव्हे, चालत नाही. त्यांच्या बोलण्यात डावीकडे पोर्ट असतं आणि उजवीकडे स्टारबोर्ड. मागे त्यांचा गुडघा धरला, तेव्हा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते आणि गावात नवीन होते. "काय होतंय काका?" असं त्यांनी विचारलं. हमीदभाई म्हणाले, "स्टारबोर्ड गुडघा लई ठणकतोय." डॉक्टरांनी त्यांना आधी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे असं कधीपासून बोलतायत?"

"दोन वर्षं झाली," मी म्हणालो. "उजवा गुडघा म्हणतायत ते. बाकी डोकं ठीक आहे."

बाकी डोकं ठीक आहे हे मी तेव्हा डॉक्टरांच्या समाधानासाठी बोललो. माझं स्वतःचं मत निराळं होतं.

मी केडगावात हमीदभाईंच्या शेजारी राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या दोघांच्या मधली भिंत कमरेइतकी आहे. तिच्यावरून कोथिंबीर, कढीपत्ता, वर्तमानपत्र आणि हमीदभाईंचं ज्ञान सतत माझ्याकडे येत असतं. कोथिंबीर परत करता येते.

"मास्तर," ते मला समजावून सांगतात, "तुमचा डावा खरा कुनाचा? तुमी माज्याकडं तोंड केलं की तुमचा डावा माज्या उजव्याला येतो. मंग भांडनं हुतात. बोटीवर तसं न्हाई. बोटीच्या नाकाकडं तोंड करून जो डावा, त्यो पोर्ट. मंग तुमी उलटं हुबं ऱ्हावा, आडवं पडा, न्हाईतर डोकं खाली पाय वर करा. पोर्ट म्हंजे पोर्ट!"

पण मग प्रत्येक वस्तूचं नाक कुठलं हे ठरवणं आलं. हमीदभाईंनी घराचं फाटक हे घराचं नाक ठरवलं, एका खांबावर लाल बल्ब लावला आणि दुसऱ्यावर हिरवा, कारण पोर्टचा रंग लाल आणि स्टारबोर्डचा हिरवा. एक टेम्पोवाला लाल बघून थांबला, हिरवा बघून निघाला, पुन्हा लाल बघून थांबला आणि शेवटी खाली उतरून "नक्की काय करू?" असं विचारून गेला. माझं घर या हिशेबात स्टारबोर्डला पडतं. कुरिअरवाला पोरगा आता फोनवर मला तसंच विचारतो, आणि मीही "हो, स्टारबोर्डलाच" असं सांगतो. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

एवढं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस नौदलातून निवृत्त झालेला असणार. हमीदभाईंनी समुद्र पाहिलेला नाही. पुणे रस्त्याला त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी त्यांच्याकडे आणून टाकतात, आणि हमीदभाई त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार भरतात. चाळीस वर्षं हेच काम. हाताला यश असं की नगरपासून काष्टीपर्यंतच्या मोटारी त्यांना नावानिशी ओळखतात.

त्यांना एकच मुलगा, इम्रान. पोरानं दुकानात बसावं ही बापाची इच्छा, आणि पोराला तार, वार्निश आणि बापाचं गप्प राहणं या तिन्हींचा कंटाळा. कारण खरं सांगायचं तर तेव्हाचे हमीदभाई हे फार कमी बोलणारे होते. आज हे कुणाला पटणार नाही. दुकानातून यायचे, जेवायचे, बातम्या बघायचे, झोपायचे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी इम्राननं जहाजावरच्या नोकरीचा कागद दाखवला. तो म्हणाला, "जातो." हे म्हणाले, "जा." त्या 'जा'चं पुढे काय करायचं ते हमीदभाईंना कळेना. दोन करारांच्या मधली सुट्टी पोरानं मुंबईत मित्रांकडे काढली. घरी आला नाही.

महिन्यातून दोन-तीनदा, जहाजाला नेटवर्क मिळेल तसा, त्याचा फोन यायचा. हमीदभाईंचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"कसा हाय?"

"बरा."

"जेवला?"

"जेवलो."

"धर, अम्मीला देतो."

झालं. पुढचा अर्धा तास शमीमभाभी बोलायच्या, आणि हमीदभाई जवळच बसून नखं कापत राहायचे. एकदा तर कापायला नखं उरली नव्हती तरी नेलकटर हातात होतं.

अशात त्यांना बोट मिळाली. नगरजवळचं एक हौशी रिसॉर्ट बंद पडलं, आणि तिथल्या मोटारी भरून दिल्याच्या बदल्यात मालकानं यांच्या गळ्यात एक जुनी नारिंगी फायबरची मोटरबोट बांधली. चार माणसं बसतील एवढी, मागे पेट्रोलचं इंजिन, पुढे गाडीसारखं स्टिअरिंगचं चाक. एका वेल्डरनं तिच्यासाठी ट्रॉली बनवून दिली. पेंटरला नाव टाकायला बोलावलं. शमीमभाभींनी स्वतःचं नाव द्यायला साफ नकार दिला. पेंटर आयुष्यभर टेम्पो रंगवत आलेला. हमीदभाई नाव सुचेपर्यंत चहाला आत गेले, तेवढ्यात त्यानं मागच्या बाजूला सुबक अक्षरात 'हॉर्न ओके प्लीज' लिहून टाकलं. ते अजून तसंच आहे.

बोट अंगणात आली, पण केडगावात तिला पाणी कुठून आणायचं? आमच्या नळाला तीन दिवसांनी पाणी येतं. शमीमभाभींनी आठवडाभर त्या रिकाम्या बोटीकडे पाहिलं आणि आठव्या दिवशी नळाची पाइप तिच्यात सोडली. चार दिवसांचं वापरायचं पाणी आरामात मावलं. बोटीच्या बुडाला मागे एक भोक असतं, त्याला बूच असतं. दर आठवड्याला भाभी ते बूच काढायच्या, बोट घासून धुवायच्या, पुन्हा बूच लावून भरून घ्यायच्या.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "साऱ्या दुनियेच्या बोटी पाण्यात ऱ्हात्यात. आमच्या बोटीत पाणी ऱ्हातं."

त्या बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. मोटरबोट घेणाऱ्यांनी काय काय पाळावं याची, मागे शब्दांची यादी असलेली. हमीदभाईंनी माझ्याकडून इंग्रजी-मराठी शब्दकोश नेला. तो दोन वर्षांत परत आलेला नाही. बोटीत पाणी नसेल त्या दिवशी ते बोटीतल्या खुर्चीवर बसून पुस्तिका वाचायचे. एकदा तसेच बसले असताना इम्रानचा फोन आला. "कसा हाय" झालं, "जेवला" झालं, आणि फोन भाभींकडे देण्याऐवजी ते एकदम म्हणाले, "काय रे, तुज्या जहाजाचा बिल्ज पंप कितीचा हाय?"

बिल्ज म्हणजे बोटीचा अगदी तळ, जिथं गळकं पाणी साठतं, हे मला पुढे शंभर वेळा ऐकावं लागलं. तेव्हा मला वाटलं, फोन कट झाला.

"मोठा हाय अब्बा," इम्रान म्हणाला.

"मोठा म्हंजे? हे बघ, बिल्जचं लई महत्त्व हाय. सांगू का?"

"सांगा की."

तो फोन बावीस मिनिटं चालला. मी घड्याळ बघून सांगतो, कारण माझा चहा निवला तरी मी भिंतीशीच उभा होतो. फोन ठेवल्यावर हमीदभाई उठले आणि अंगणात उगीचच दोन चकरा मारून आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी यादी पाठ करायला घेतली.

मग आमच्या गल्लीची जी काही दशा झाली ती काय वर्णावी! दोरीला दोरी म्हणायची नाही, लाइन म्हणायचं. भाभींच्या कपड्यांच्या दोरीला अशी गाठ आली की कुणाला सुटेना, आणि शेवटी दोरी कापावी लागली. बोट धक्क्याला घासू नये म्हणून तिच्या अंगाला फेंडर म्हणजे मऊ उशा टांगतात, असं पुस्तिकेत होतं. हमीदभाईंनी आपल्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी तेलाचे रिकामे पाच-पाच लिटरचे कॅन टांगले. ते बाजारातून जाताना लोक आपोआप वाट देत. गल्लीत भरधाव मोटरसायकली आल्या की बोटीच्या वेगानं लाटा उठतात तशी धूळ उठते म्हणून फाटकाबाहेर पाटी लागली: 'लाटा उडवू नयेत'. पावसाळा सोडला तर आमच्या गल्लीत लाट कशी असते हे कुणी बघितलेलं नाही.

सगळ्यात कहर केला तो लाल दोरीनं. मोटरबोट चालवणारा माणूस आपल्या मनगटाला एक दोरी बांधतो, तिचं दुसरं टोक इंजिनाला असतं. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन जागेवर बंद. हमीदभाईंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती भाभींच्या मिक्सरला बसवून दिली. भाभी चटणी वाटता वाटता मीठ घ्यायला वळल्या की मिक्सर बंद. आठ दिवस त्यांच्या घरी जाडीभरडी चटणी होती. नवव्या दिवशी भाभींनी ती दोरी काढली आणि पुन्हा हा विषय निघाला नाही.

मला त्यांनी फर्स्ट मेट नेमलं, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा माणूस. काम एकच, हुकूम ऐकला की "आय आय, कॅप्टन" म्हणायचं. सुरुवातीला मी "म्हणजे काय?" असं विचारायची चूक करायचो. त्या एका प्रश्नाला उत्तर चाळीस मिनिटं चालायचं. मग मी शहाणा झालो. काहीही विचारलं की "आय आय". दूधवाला शहाणा झाला, समोरचे पाटील शहाणे झाले. सगळी गल्ली "आय आय" म्हणून आपापल्या कामाला लागायची.

फोनवर मात्र वेगळं होतं. आता बावीस मिनिटांचे पस्तीस झाले होते. बाप केडगावच्या अंगणात बसून, डेकवर काम करणाऱ्या पोराला डेक कसा असतो ते समजावून सांगायचा. "माजा इम्रान डेकवर हाय," हे हमीदभाई दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मोटर उतरवायच्या आधी सांगायचे. आणि पोरगा बिचारा "हां अब्बा, अजून सांगा" म्हणायचा. मला त्या पोराची कीव यायची.

गेल्या थंडीत इम्रानचा निरोप आला. आठ दिवसांची सुट्टी, घरी येतोय. त्या संध्याकाळी हमीदभाई भिंतीशी आले. टोपी काढून पुन्हा घातली.

"मास्तर, त्याला बोटीत न्यायचंय."

"न्या की."

"न्या की न्हाई. नीट झालं पायजे. त्यानं मला दुकानात बघितलंय, चिडलेला बघितलंय. 'जा' म्हनताना बघितलंय. येकदा मला असं बघू दे, त्याच्या कामातलं मला बी कळतं असं. न्हाईतर त्यो आठ दिवस अम्मीशी बोलंल आन् परत निगून जाईल."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बोटीविषयी बोलताना एकही इंग्रजी शब्द वापरला नव्हता. मी "आय आय" म्हणालो नाही. "होईल नीट," असं म्हणालो.

जागा ठरली काष्टीच्या पुढे, भीमेच्या काठाला. तिथं शिवाजीराव नावाचे त्यांचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांच्या शेताला लागून नदीचं पाणी पसरलेलं होतं. लागतील त्या परवानग्या हमीदभाईंनी अर्जावर अर्ज करून आणल्या. अर्जातही पोर्ट-स्टारबोर्ड होतंच. आदल्या दिवशी भाभींनी बूच काढून बोटीतलं पाणी सोडलं आणि पोराला बसायचंय म्हणून बोट आतून-बाहेरून लख्ख घासली.

इम्रान आला होता. सव्वीस वर्षांचा, उन्हानं काळवंडलेला असेल असं मला वाटलं होतं, तर उलट गोरापान आणि थोडा गोल झालेला. बाप बोटीभोवती फिरून एकेक भाग दाखवत होता आणि पोरगा मान हलवत होता. मला त्याच्या चेहऱ्यावर जरा घाबरल्यासारखं दिसलं. मी मनाशी म्हटलं, घाबरणारच, बोट बघून कुणीही घाबरेल.

काष्टीला नेमका आठवडी बाजार. आमची भाड्याची जीप आणि मागे नारिंगी बोट बैलांच्या गर्दीत अडकली. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं बोटीच्या पाठीवर दोन थापा मारल्या, वाकून खालून बघितलं आणि विचारलं, "जनावर देखनं हाय. खातं काय?"

"पेट्रोल," हमीदभाई म्हणाले.

"मंग नगं बाबा," म्हातारा म्हणाला आणि पुढच्या बैलाकडे वळला.

तेवढ्या वेळात भाभी खाली उतरून पिशवीभर गाजरं घेऊन आल्या. पोराला गाजराचा हलवा आवडतो. पिशवी त्यांनी बोटीत टाकली.

नदीवर पोचलो. शिवाजीरावांनी ट्रॅक्टरला ट्रॉली लावून उलटी पाण्यात ढकलायची तयारी केली. आम्ही तिघांनी लाइफ जॅकेटं चढवली. भाभी काठावर सतरंजी टाकून बसल्या. हमीदभाईंनी खिशातून कागद काढला. निघण्याआधी तपासायच्या एक्केचाळीस गोष्टी. ते मोठ्यानं वाचत गेले आणि मी उत्तरं देत गेलो.

"ड्रेन प्लग?"

"आय आय, कॅप्टन."

"फेंडर?"

"आय आय, कॅप्टन."

मी काय तपासायला हवं होतं, कुठं वाकून बघायला हवं होतं, मला काहीही माहीत नव्हतं. विचारलं तर चाळीस मिनिटं जातील आणि ऊन चढेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे मी आज कबूल करतो.

बोट पाण्यात गेली आणि चक्क तरंगली! काठावरचे पाच-सहा जण ओरडले. हमीदभाईंनी मनगटाला लाल दोरी अडकवली, किल्ली फिरवली. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि लागलं. आम्ही निघालो. चाकामागे ताठ बसलेले हमीदभाई, तोंडावर वारा, आणि चेहरा असा की मी सगळा शब्दकोश माफ केला.

"इम्रान, पोर्टची लाइन आत घे!"

इम्रान उठला आणि त्यानं उजवीकडची घेतली.

"पोर्ट, बेटा."

त्यानं गोंधळून पुढची घेतली. हमीदभाई हसले. पोरगा बापाची फिरकी घेतोय असं त्यांना वाटलं.

एवढ्यात माझ्या पायाला गार पाणी लागलं. आता कुणाही शहाण्या माणसानं बोटीत पाणी बघून बोंब मारली असती. पण दोन वर्षं मी त्या बोटीत पाणीच पाहत आलो होतो. पाणी नसतं तेव्हाच ती मला ओकीबोकी वाटायची. मी चपला काढून मांडीवर घेतल्या आणि पाय निवांत पसरले. हमीदभाईंच्याही पायाला पाणी लागलं असणारच. त्यांनी सवयीनं विजार दुमडली. पाणी घोट्याच्या वर आलं, गाजराची पिशवी तरंगायला लागली, तरी आम्ही दोघं केडगावकर मजेत होतो. शेवटी इम्रानच बिचकत म्हणाला, "अब्बा, पानी आत हवं का?"

हमीदभाईंनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ड्रेन प्लग?"

"आय आय," मी म्हणालो.

"आय आय न्हाई! बुडाचं बूच! कुठं हाय?"

इम्राननं तोंडाशी हात नेऊन काठाकडे हाक मारली, "अम्मी! बूच कुठं हाय?"

काठावरून भाभींचा खणखणीत आवाज आला. "घरी! कुकरच्या शिट्टीच्या डब्यात! हरवू नये म्हनून ठिवलंय!"

हमीदभाई ताडकन उठले. ते उठले तशी मनगटाची लाल दोरी ओढली गेली आणि इंजिन जागेवर बंद पडलं, अगदी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणं. पुन्हा लागेना. "जोरात पळवली असती तर पानी मागनं आपोआप भाईर गेलं असतं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग चाकाला धरून खाली बसले. पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. काठ दूर नव्हता, जॅकेटं अंगात होती, त्यामुळे जिवाची भीती नव्हती. पण हमीदभाईंचं तोंड बघवत नव्हतं. ज्याला एकदा नीट दाखवायचं होतं, तोच समोर पाण्यात उभा होता.

इम्राननं मात्र वाकून पाण्यातून एक गाजर उचललं, बोटानं चाचपून बुडाचं भोक शोधलं, खिशातून चाकू काढला. आणि मग त्यानं ते गाजर सोललं. मी बघतच राहिलो. गाजर हातातल्या हातात फिरत होतं आणि साल एका लांब फितीत खाली उतरत होतं. चार काप देऊन टोक निमुळतं केलं, भोकात घातलं, टाचेनं दोनदा ठोकलं. पाणी यायचं थांबलं. असा चाकू मी लग्नघरच्या आचाऱ्याच्या हातात पाहिलाय, आणखी कुठं नाही.

मी जेवणाच्या डब्यानं पाणी उपसायला लागलो. बापलेकांची घरातली बोली निराळी, पण माझ्यासमोर ते नेहमी मराठीच बोलायचे, आणि त्या दिवशीही तेच झालं.

"हे कुठं शिकला?" हमीदभाईंनी विचारलं.

इम्राननं चाकू पुसून मिटला. "अब्बा, मी डेकवर न्हाई. पयल्यापासून न्हाई. मी गॅलीत हाय."

गॅली म्हणजे जहाजाचा भटारखाना. हे हमीदभाईंना पाठ होतं. मलाही होतं.

"चोवीस मान्सांचा सैपाक करतो. चपात्या, भात, कालवन. 'जा' म्हनला हुता तुमी. जाऊन चपात्या लाटतो, हे कोनत्या तोंडानं सांगू? मला पोर्ट-स्टारबोर्ड काय बी येत न्हाई."

हमीदभाई मनगटावरची लाल दोरी सोडवून तिची गुंडाळी करत बसले. मला वाटलं, आता जुने हमीदभाई परत आले, आता हा माणूस पुन्हा बोलायचा नाही.

"मंग दोन वर्षं मी फोनवर सांगत हुतो ते?"

"काय बी कळत न्हव्हतं."

"मंग ऐकत कशाला हुता? अजून सांगा, अजून सांगा?"

"तुमी बोलत हुता ना, अब्बा," इम्रान म्हणाला. "सव्वीस वर्षांत पयल्यांदा."

मी डबा हातात धरून तसाच राहिलो. आम्ही सगळी गल्ली कंटाळून "आय आय" म्हणत होतो, आणि तिकडे कुठल्याशा समुद्रात हा पोरगा, कणकेच्या हातांनी फोन धरून, न कळणारा एकेक शब्द जिवाचे कान करून ऐकत होता. मला माझी लाज वाटली. आणि त्या बापाचा, त्या पोराचा फार हेवाही वाटला.

"मला तरी कुठं काय कळतंय," हमीदभाई हळू आवाजात म्हणाले. "समुंदर बघितला न्हाई मी. तुज्याशी काय बोलावं ते सुचंना, म्हनून पाठ केलं."

काठावर शिवाजीराव कुणाला तरी होडी आणायला सांगत होते. भाभी उभ्या राहून पदर हलवत होत्या. हमीदभाईंनी चेहऱ्यावरून ओला हात फिरवला आणि बाकावर सरकून पोराला जागा केली.

"बस. चोवीस मान्सांची कनीक... किती लागती?"

इम्रान बसला. आधी अडखळत, मग भराभर सांगायला लागला. जहाज डोलायला लागलं की भांडी घसरू नयेत म्हणून शेगडीला कठडे असतात. अशा वेळी कणीक घट्ट भिजवावी लागते. चपाती गोल होत नाही, पण कुणी नावं ठेवत नाही. एक म्हातारा इंजिनिअर आहे, त्याला रोज दोन चपात्या तूप न लावता वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात. हमीदभाईंनी जन्मात कधी परातीला हात लावलेला नाही, कणकेत मीठ आधी घालतात की पाणी हे त्यांना ठाऊक नाही. पण ते पोराच्या तोंडाकडे बघत म्हणत होते, "हां बेटा. आन् मंग? अजून सांग."

होडी यायला वेळ होता. मी त्यांच्याकडे पाठ करून मुकाट्यानं पाणी उपसत राहिलो.